श्रुतलेखनाच्या वहीत उमटलेले उच्चार: इंग्रजीच्या एका शिक्षिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि शाळा यांची नावे दिलेली नाहीत व काही तपशील बदलले आहेत. शिक्षिकेला येथे 'बाई' म्हटले आहे, कारण शाळेत मुले त्यांना तसेच म्हणतात. मी त्या वेळी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात इंग्रजी विषयाचा साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना त्या विषयात मदत करणारा, होतो आणि सुमारे दीड वर्ष या कामात त्यांच्यासोबत होतो. त्यामुळे पुढे आलेले काही निर्णय त्यांचे आहेत, काही माझे आहेत, आणि जे चुकले त्यांतले बरेच माझे आहेत.

बाई एम.ए., बी.एड. आहेत आणि सोळा वर्षे आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवत आहेत. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. बाईंच्या पिढीला ते पाचवीत भेटले, आणि भेटले तेही छापील पानावर. त्यांचे गुरुजी धडा वाचायचे, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहायचे आणि भाषांतर सांगायचे. एम.ए.ला ध्वनिशास्त्राचा भाग होता, त्यात शब्द ध्वनिलिपीत लिहून दाखवायचे असत आणि बाईंनी त्यात चांगले गुण मिळवले होते. मात्र ती चिन्हे ज्या ध्वनींची आहेत ते ध्वनी पूर्ण अभ्यासक्रमात एकदाही ऐकवले गेले नव्हते. बाईंचे व्याकरण पक्के, लेखन निर्दोष आणि शिकवणे मनापासूनचे. हे आधीच सांगणे मला आवश्यक वाटते, कारण उच्चाराचा प्रश्न निघाला की शिक्षकाच्या एकूण योग्यतेवरच बोट ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे.

प्रश्न कसा समोर आला

जुलै महिन्यात आठवीच्या वर्गात बाईंनी श्रुतलेखनाला एक साधे वाक्य घातले: 'द ओल्ड मॅन ओन्ली वाँटेड टु ओपन द गेट.' वह्या तपासताना त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बऱ्याच मुलांनी 'ओन्ली' आणि 'ओपन' हे शब्द डब्ल्यूने सुरू केले होते, आणि दाराच्या 'गेट'चे स्पेलिंग 'मिळवणे' या अर्थाच्या 'गेट'चे लिहिले होते. चूक एखाद्याची असती तर ती दुर्लक्षाची म्हणता आली असती, पण वेगवेगळ्या बाकांवरच्या मुलांनी एकच चूक एकाच जागी केली होती. बाईंनी एका मुलाला उभे करून विचारले, "अरे, ह्या ओपनला डब्ल्यू कुठून आणलास?" तो म्हणाला, "बाई, तुमी तसंच म्हणलाव की."

त्या रात्री बाईंनी तेच वाक्य मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकले. ध्वनिमुद्रणात 'वोन्ली' आणि 'वोपन' स्पष्ट ऐकू येत होते. त्यांनी मला फोन केला तेव्हा पहिले वाक्य होते, "सर, पोरांनी बरोबर लिहिलंय."

हे वाक्य मला या संपूर्ण प्रकरणाचा गाभा वाटते. मुलांचे कान शाबूत होते. आपल्या भागात 'एक'चा 'येक' आणि 'ओळख'चा 'वळख' होतो, एसटीला 'यस्टी' म्हणतात, आणि एल, एम, एन ही अक्षरे 'यल, यम, यन' होतात. शब्दाच्या आरंभीच्या ए-ओ आधी य किंवा व लावण्याची ही बोलीची नियमित रीत आहे आणि मराठी बोलताना तिने कुणाचे काही बिघडत नाही. इंग्रजीत मात्र 'कान' आणि 'वर्ष' या अर्थांच्या 'इअर' आणि 'यिअर' या शब्दांत फरक फक्त त्या आरंभीच्या य-चा आहे. तो फरक बुजला तर अर्थच बदलतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही बाईंचे वीस मिनिटांचे वाचन ध्वनिमुद्रित केले. ऐकताना आरंभीच्या य-व शिवाय आणखी चार गोष्टी पुन्हापुन्हा आल्या: व्ही आणि डब्ल्यू या अक्षरांचा एकच उच्चार, झेडच्या जागी 'जहाज'मधला ज, शब्दाच्या आरंभीचे पी, टी आणि के अगदी कोरडे, म्हणजे श्वासाच्या फुंकरीविना, आणि शब्दाघात, म्हणजे शब्दातल्या एका अवयवावर (सिलॅबलवर) पडणारा जोर, बहुतेक शब्दांत सगळ्या अवयवांवर सारखा.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय काही न करण्याचा होता, आणि तो गंभीरपणे मांडला गेला. शाळेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की दहावीच्या तोंडी परीक्षेचे गुण शाळेतच दिले जातात, लेखी परीक्षेत उच्चाराला एकही गुण नाही, आणि भारतीय इंग्रजी हे आता मान्यता मिळालेले इंग्रजीचे एक रूप आहे, मग चाळिशीत ही उठाठेव कशाला. यातला भारतीय इंग्रजीचा मुद्दा खरा आहे. पण भारतीय इंग्रजीच्या नावाखाली 'वोन्ली' आणि 'ओन्ली' दोन्ही खपवणे मला पटले नाही, कारण मुलांच्या वहीत स्पेलिंग चुकत होते आणि ती चूक मुलांची नव्हती.

दुसरा पर्याय 'ब्रिटिश उच्चार' शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्या ऑनलाइन वर्गाचा होता. बाईंनी दोन तास करून पाहिले. तिथे एका बोलणाऱ्याची हुबेहूब नक्कल करायला लावत. कोणत्या ध्वनीत काय चुकते आणि जीभ कुठे ठेवायची हे कुणी सांगत नव्हते. जे समजावून घेतलेले नाही ते वर्गात समजावून देता येणार नाही, म्हणून बाईंनी तो वर्ग सोडला.

तिसरा पर्याय माझा होता: आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा पूर्ण तक्ता घेऊन पहिल्यापासून अभ्यास. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ब्रिटिश प्रमाण उच्चारात ध्वनी साधारण ४४, त्यांत २० स्वर आणि २४ व्यंजने, हे एकदा मनात बसले की सगळे सुरळीत होईल असे मला वाटत होते. ही लिपी घडवणारी संस्था १८८६ साली पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांनीच उभी केली होती, त्यामुळे शिक्षकांसाठी हेच साधन योग्य, असा माझा विश्वास होता.

चौथा पर्याय, ज्यावर पोहोचायला आम्हाला उशीर झाला, तो म्हणजे मोजक्या गोष्टी निवडून फक्त त्यांवर खोल काम करणे.

पहिले दोन महिने: तक्ता

आम्ही तिसरा पर्याय निवडला. ऑगस्ट आणि सप्टेंबर चिन्हे पाठ करण्यात गेले. बाई कष्टाळू असल्याने त्यांनी तक्ता लवकर पाठ केला, शब्दकोशातले कोणतेही ध्वनिलेखन त्या वाचू लागल्या, पण बोलण्यात तिळमात्र फरक पडला नाही. कारण आता उघड दिसते. त्या प्रत्येक चिन्हाला त्यांच्या कानातला जुनाच ध्वनी चिकटवत होत्या. व्हीचे चिन्ह वेगळे, डब्ल्यूचे वेगळे, आणि दोन्हींचा उच्चार 'व'. एम.ए.च्या वर्षात जे झाले तेच मी पुन्हा घडवून आणले होते.

सप्टेंबरअखेर मी बाईंची एक साधी चाचणी घेतली. मोबाइलमधल्या शब्दकोशातून 'व्हेस्ट' किंवा 'वेस्ट' यांपैकी एक शब्द ऐकवायचा आणि कोणता ते त्यांनी बोटाने दाखवायचे. उत्तरे निम्मी बरोबर, निम्मी चूक आली, म्हणजे नाणे उडवल्यासारखी. जो फरक कानाला ऐकूच येत नाही तो तोंडाने करून दाखवा असे मी दोन महिने सांगत होतो. ही चाचणी पहिल्याच दिवशी घेतली असती तर तक्त्याला हातही लावावा लागला नसता.

निवड कशी केली

काय सुधारायचे आणि काय तसेच ठेवायचे, हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय होता, कारण जाणकारांचे मत एकसारखे नाही. जेनिफर जेन्किन्स या भाषाशास्त्रज्ञ विदुषींनी २००० साली असे मांडले की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लोकांनी एकमेकांशी बोलताना ठरावीक गोष्टीच सांभाळल्या तरी पुरे. बहुतेक व्यंजने, आरंभीच्या पी-टी-केमधली फुंकर आणि स्वरांचा ऱ्हस्वदीर्घपणा त्यांत येतात. 'थिंक' आणि 'देन' या शब्दांच्या आरंभीचे ध्वनी त्यांत येत नाहीत, आणि शब्दाघातही येत नाही. उलट हैदराबादला १९५८ साली स्थापन झालेल्या इंग्रजीच्या केंद्रीय संस्थेतील आर. के. बन्सल यांनी भारतीय इंग्रजी परक्या श्रोत्याला कितपत कळते याचा अभ्यास केला, तेव्हा चुकीचा शब्दाघात हे न कळण्याचे मोठे कारण म्हणून पुढे आले. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. आपल्या शेजारच्या माणसांच्या इंग्रजीवर झालेले ते काम बाजूला सारायला माझे मन घेत नव्हते.

हा पेच बाईंच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे सुटला. तो दुबईत नोकरीला आहे आणि त्याचा एक सहकारी इंग्लंडमध्ये वाढलेला आहे. बाईंच्या आवाजातली शब्दांची एक यादी त्या सहकाऱ्याला ऐकवून जे ऐकू येईल ते लिहायला सांगितले. बाईंनी 'कोट' म्हटले तिथे त्याने 'गोट', म्हणजे बकरी, लिहिले. 'पिन'ला 'बिन' लिहिले. मराठी थ-ने म्हटलेला 'थिंक' त्याने अचूक लिहिला. 'डेव्हलपमेंट' त्याने दोनदा ऐकला, कारण बाईंचा आघात पहिल्या 'डे'वर होता आणि इंग्रजीत तो दुसऱ्या अवयवावर असतो. एकाच श्रोत्यावरून नियम काढता येत नाही हे मान्य, पण आमच्या पुढच्या निर्णयाला एवढे पुरेसे होते. फुंकर, व्ही-डब्ल्यू, झेड, आरंभीचे य-व आणि मोजक्या शब्दांचा आघात ही कामे घ्यायची, आणि 'थिंक'ला हात लावायचा नाही, असे ठरले.

मराठीचाच आधार

ऑक्टोबरपासून काम बदलले. प्रत्येक ध्वनी मराठी तोंडात कुठे आहे, किंवा त्याच्या सर्वांत जवळचे काय आहे, हे आधी शोधायचे.

पी, टी, के यांची फुंकर यात सर्वांत सोपी ठरली, कारण मराठीत क-ख, ट-ठ हा भेद जन्मापासून आहे. इंग्रजी बोलणारा माणूस 'टाइम' म्हणताना जिभेचे टोक आपल्या ट-पेक्षा थोडे पुढे, दातांमागच्या हिरडीला लावतो आणि वर ठ-सारखी फुंकर सोडतो. आपण कोरडा ट म्हटला की त्याला ड ऐकू येतो. बाईंनी जुन्या उत्तरपत्रिकेची बोटभर पट्टी कापून ओठांसमोर धरली. 'पिन' म्हणताना ती हलली पाहिजे आणि 'स्पिन' म्हणताना हलता कामा नये, कारण आधी स आला की इंग्रजीतही फुंकर जाते. शाळेच्या संगणकावर आम्ही प्राट हे ध्वनीचा आलेख दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर घातले. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात तयार झालेल्या या सॉफ्टवेअरमध्ये प सुटल्यापासून स्वर सुरू होईपर्यंतची मोकळी जागा डोळ्यांना दिसते. बाईंच्या जुन्या 'पिन'मध्ये ती जवळजवळ नव्हतीच. आठवडाभरात ती दिसू लागली.

व्ही-डब्ल्यू मात्र चिवट निघाले, आणि त्याचे एक कारण आपल्या लेखनात आहे. मराठीत व्हीसाठी 'व्ह' लिहिण्याची पद्धत आहे: टीव्ही, नोव्हेंबर, व्हॅन. पण डब्ल्यूने सुरू होणारे 'व्हॉट' आणि 'व्हेन'ही आपण 'व्ह'नेच लिहितो. म्हणजे गाईडात देवनागरीतून उच्चार वाचणाऱ्या मुलाला 'व्हॅन' आणि 'व्हेन' एकाच ध्वनीने सुरू होतात असे वाटते, आणि शिवाय 'व्ह'मधल्या ह-मुळे तो दोन्हीकडे ह-चा झटका देतो, जो इंग्रजी व्हीमध्ये मुळीच नाही. आपल्या व-मध्ये खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो पण घासत नाही. व्हीसाठी तो दातांना टेकवून हवा घासत सोडायची, आणि डब्ल्यूसाठी दात विसरून ओठांचा चंबू करायचा. 'वेस्ट' शिकवण्यासाठी 'उएस्ट' सावकाश म्हणायचे आणि वेग वाढवत जायचे, ही युक्ती बाईंनीच काढली. आरसा समोर ठेवला की फरक दिसतो, आणि दिसू लागल्यावर ऐकूही येऊ लागतो, असा त्यांचा अनुभव.

झेडच्या वेळी वर्गानेच मदत केली. 'जहाज'मधला ज म्हणताना जीभ क्षणभर टेकते, झेडमध्ये ती टेकतच नाही. लांब 'स्स्स' म्हणत असताना त्यातच घशाचा आवाज मिसळला की झेड होतो, आणि गळ्यावर बोट ठेवले तर थरथर जाणवते. बाई हे वर्गात सांगत होत्या तेव्हा लक्षात आले की उर्दू घरातल्या मुलींना हा ध्वनी शिकवावाच लागत नाही. त्या घरी 'ज़मीन' आणि 'ज़रा' म्हणतात, तेच 'झू' आणि 'झीरो'ला वापरतात. तेव्हापासून झेडचे शब्द त्यांतली एक मुलगी म्हणून दाखवते आणि वर्ग, बाईंसह, तिच्यामागून म्हणतो. सोळा वर्षे त्या वर्गात बसलेले हे ज्ञान कुणी विचारले नव्हते, याची बाईंना खंत वाटली आणि ती त्यांनी बोलून दाखवली.

शब्दाघातासाठी बाकावर टिचक्या मारणे पुरेसे झाले. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्ष देत नाही. 'फोटोग्राफ'चा ठोका पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफी'चा दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'चा तिसऱ्यावर पडतो, आणि ठोका सरकला की बाकीचे स्वर दबून मराठी अ-सारखे होतात. ज्या मुलांच्या घरी हलगी वाजते त्यांना हे सर्वांत आधी उमगले.

वर्गाला सांगायचे की नाही

बाईंनी स्वतःच्या चुकीबद्दल वर्गाला सांगावे का, यावर आमचा मतभेद झाला. मी सांगू नका म्हणत होतो. पालकांपर्यंत गोष्ट वेगळ्या रूपात जाईल अशी मला भीती होती. बाईंनी दिवाळीच्या सुटीआधी जुलैच्या त्या वह्या परत वाटल्या आणि सांगितले की 'वोपन' त्यांच्या तोंडून आले होते, मुलांनी ऐकले तसे लिहिले, म्हणून त्या शब्दांचे गुण मिळतील. लाल शाईने कापलेले गुण त्यांनी लाल शाईनेच परत दिले. त्यानंतर मुले त्यांचा उच्चार पकडू लागली, पण आदर राखून, हळूच हात वर करून. माझी भीती खोटी ठरली.

परिणाम

फेब्रुवारीत जुलैचेच वाक्य पुन्हा घातले. आमच्या भागात दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुलेही सोबत जातात, त्यामुळे दोन्ही वेळी हजर असलेल्या मुलांच्याच वह्या आम्ही ताडून पाहिल्या. डब्ल्यूने सुरू झालेला 'ओपन' त्यांत एकही नव्हता. दुबईच्या श्रोत्याने नव्या ध्वनिमुद्रणात 'कोट' आणि 'पिन' बरोबर लिहिले.

काही गोष्टी बिघडल्याही. आरंभीचा व टाळण्याच्या धास्तीने बाई काही दिवस 'वुड'ला 'उड' आणि 'यिअर'ला 'इअर' म्हणू लागल्या, आणि मुलांच्या वह्यांनी तेही इमानाने नोंदवले. फुंकर नको तिथेही जाऊ लागली आणि 'स्टॉप'चा 'स्ठॉप' झाला. सावकाश वाचताना व्ही आणि डब्ल्यू वेगळे राहतात, वर्गात घाईने बोलताना ते पुन्हा एक होतात. 'शिप' आणि 'शीप' यांतला फरक बाईंना आता ऐकू येतो, पण तोंडातून नेमाने येत नाही.

पुन्हा करायचे झाल्यास

तक्ता मी शेवटी ठेवेन. पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रण आणि कानाची चाचणी घेईन, आणि ज्या जोड्या कानाला वेगळ्या लागतात त्यांच्यावर वेळ घालवणार नाही. एखादा ध्वनी सुटा जमला की लगेच त्याला वाक्यात आणि वाक्याला बोलण्याच्या वेगात नेईन, कारण सुट्या शब्दांच्या सरावात आम्ही फार रमलो आणि घाईत ध्वनी निसटण्याचे मूळ मला तिथेच दिसते. प्रत्येक नव्या ध्वनीसोबत तो कुठे वापरायचा नाही याचे शब्दही त्याच दिवशी देईन. 'पिन'सोबत 'स्पिन' होता, पण 'ओपन'सोबत 'वुड' नव्हता, आणि 'उड' तिथूनच आला. परक्या श्रोत्याची मदत जूनमध्येच घेईन, आणि एकाऐवजी निदान तिघांची.

बाईंच्या घरच्या बोलीला मात्र आम्ही हात लावला नाही, आणि पुढेही लावणार नाही. शिक्षकखोलीत त्या आजही यस्टीनेच येतात.

या जूनमध्ये आठवीच्या नव्या वर्गाला त्यांनी पहिल्याच आठवड्यात तेच वाक्य घातले, एकदा स्वतःच्या आवाजात आणि एकदा शब्दकोशातले शब्द ऐकवून. दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवले तर 'ओन्ली' आणि 'ओपन' जुळतात. दाराचा 'गेट' त्यांच्या आवाजाच्या रकान्यात अजून काही मुले चुकवतात, कारण त्यातला ए शेवटी इ-कडे वळायला हवा, 'गेइट'सारखा, आणि बाईंचा ए अजून मराठी ए-सारखा सरळ राहतो. सध्या आरशासमोर त्याचेच काम चालू आहे.